चारही बाजूंनी ओळंबा

लॉज कललाय म्हणे! माझ्या आबांनी बांधलेला लॉज! ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या इस्टेटीवरची सुतार मी. माझ्याआधी आबा. ऐन पंचविशीत त्यांनी जंगलाच्या कडेला हा लॉज उभा केला. कमरेएवढं दगडी जोतं, वर ओंडक्यांच्या भिंती, भोवती ओसरी आणि ओसरीला बारा खांब. मोठ्या मालकांना शिकारीच्या पाहुण्यांसाठी हवा होता. पुढे शिकार बंद झाली, पाहुणेही आटले. मग एका वर्षी वादळ आलं, इस्टेटीवरची सगळी छपरं उडाली, आणि खालची अख्खी वस्ती अकरा दिवस लॉजमध्ये राहिली. त्याचं एक कौल हललं नव्हतं.

आणि आता मालकीणबाईंनी बोलावलेले इंजिनियरसाहेब लिहून गेले, पुढचे, पूर्वेकडचे खांब पश्चिमेला चार बोटं झुकलेत, पाया खचलाय, पाडून टाका. सोमवारी माणसं येणार होती.

"खांब मीच झुकवलेत, मुद्दाम," आबा त्यांना म्हणाले होते. साहेब हसले. "सगळे मिस्त्री असंच म्हणतात, आजोबा."

त्या दिवसापासून आबांनी लॉजची पायरी चढणं सोडलं. ऐंशी वर्षांचा तोंडाळ माणूस, दोन दिवस मुका!

रविवारी सकाळी मी मालकीणबाईंना आणि इंजिनियरसाहेबांना लॉजवर बोलावलं. आबांना हाताला धरून आणलं, ते अंगणातच उभे राहिले.

"साहेब, बाकीच्या बाजू मोजल्यात?" मी विचारलं.

"पुढची मोजली ती पुरे. मागे तर मधमाश्यांचं पोळं आहे," साहेब म्हणाले.

"अस्सं! म्हणजे माश्यांना घाबरून घर पाडताय होय?" मालकीणबाईंनी हसू दाबलं. "ओळंबा तुमचा, दोरी तुमची, आकडाही तुम्हीच वाचा. मी नुसते खांब दाखवते."

साहेबांनी पुढच्या खांबाच्या माथ्यावरून दोरी सोडली, खाली शिशाचा गोळा लोंबला. "चार बोटं, पश्चिमेला. म्हटलं नव्हतं?"

"पुढे चला."

दक्षिणेचे खांब उत्तरेला झुकलेले, चार बोटं. साहेबांनी दोरी पुन्हा सोडून पाहिली. उत्तरेचे दक्षिणेला, तेही चारच. मागे जाताना मी त्यांच्या डोक्यावर चादर टाकली. चादरीतून बारीक आवाज आला, "चार. पूर्वेला."

"खचलेलं घर एकीकडे जातं, साहेब. हे चारही बाजूंनी आतच कसं जाईल?"

माणूस प्रामाणिक निघाला. चादर काढली, खिशातला कागद फाडला आणि मालकीणबाईंना म्हणाला, "माझं चुकलं. घर ठणठणीत आहे. उद्याची माणसं नकोत म्हणून कळवा." मग थेट अंगणात आबांसमोर गेला. "बारा खांब सारखे कसे साधलेत हो? आणि का?"

"वाऱ्यात माणूस पाय फाकवून उभा राहतो ना?" आबा म्हणाले. "त्यालाही तसंच उभं केलं."

असा आनंद मला जन्मात झाला नव्हता. वाटलं, वस्तीभर ओरडत फिरावं. पण आबा माझ्याकडे बघतच नव्हते. एकटेच पायऱ्या चढले, आत गेले, आणि आतून तोच जुना खणखणीत आवाज आला.

"तिसऱ्या खिडकीची बिजागरी करकरतेय! सुतार म्हणवतेस ना स्वतःला? तेल आण!"

मी रडत रडत तेल आणायला पळाले.