अर्धा इंच कमी

"किती इंचांनी वाढलंय?" आमच्या मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि गळ्यातली टेप काढली. शिलाईचं दुकान बंद करून आम्ही दवाखान्यात आलो होतो, पण टेप काही गळ्यातून उतरली नव्हती. हृदय मोठं झालंय म्हटल्यावर माणूस घाबरतो, यांनी माप विचारलं. घाबरले ती मी.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रक्तदाब वाढला की हृदयाला जादा जोर लावावा लागतो. मग त्याच्या पेशींतल्या प्रथिनांवर बारीक रासायनिक खुणा चिकटतात, ‘वाढा’ असा निरोप देणाऱ्या. जोर ओसरला की त्या निघतात. जोर कायम राहिला तर चिकटूनच बसतात, आणि हृदयाच्या भिंती जाड होत जातात.

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्या वकिलांचा कोट."

तो किस्सा मग मलाच सांगावा लागला. दुकानात कपड्यावर कामाची चिठ्ठी टाचतात, काम झालं की काढतात. वकिलांच्या कोटावर ‘सैल करा’ होतं. यांनी तो सैल केला आणि चिठ्ठी काढायला विसरले. ती बघून मी पुन्हा सैल केला. त्या कोटात आणखी एक वकील सहज मावला असता.

डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. रक्तदाबाच्या गोळ्या रोज घेता ना, असं त्यांनी विचारलं, तर मास्तर छातीठोकपणे हो म्हणाले.

त्याच दुपारी मी चष्मा न लावता बटणांच्या डब्यातलं पांढरं बटण शर्टाला लावायला घेतलं. सुई टोचताच बटणाचा भुगा झाला. डबा पालथा केला, तर बटणांत गोळ्याच गोळ्या. मी पाणी देऊन वळले की हे गोळी त्यात टाकत होते.

"बरं वाटत होतं गं," हे पुटपुटले.

मला राग आला आणि रडूही आलं. "अहो, तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?"

तेव्हापासून रोज सकाळी मी यांच्या सदऱ्यावर ‘गोळी’ अशी चिठ्ठी टाचते. माझ्यासमोर गिळली की मीच काढते.

दर रविवारी हे मला छातीचं माप घ्यायला लावतात. त्यातून हृदयाचं काही कळत नाही, हे यांनाही ठाऊक आहे. काल मी मुद्दाम अर्धा इंच कमी सांगितलं.

पाव इंचासाठी जन्मभर मला झापणारा हा माणूस टेपेकडे खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे."