ताटाखालची नोट

सख्ख्या बहिणीने हसऱ्याला घराबाहेर काढलं. असो. तसं काही घडलंच नाही असं समजून आपण एका साध्या दिवशी तो काम करायचा त्या उपाहारगृहात शिरू.

हसरा तिथे वाढपी होता. वाढप्यांना पगार नव्हता. गिऱ्हाईक खूश होऊन ठेवेल ते बक्षीस, तोच पगार. गिऱ्हाइकं देशोदेशीची. काही देशांत बक्षीस दिलं नाही तर वाढपी मागे धावतो, काही देशांत दिलं तर ते परत करायला धावतो. धावायचं वाढप्यानेच, यावर मात्र जगाचं एकमत आहे.

"मालक, थोडा पगार बांधून द्या ना," हसऱ्याने एकदा विचारलं.

"अरे, तुझ्या आणि गिऱ्हाइकाच्या प्रेमाच्या मध्ये मी कशाला येऊ? तू हसत राहा."

तो हसत राहिला. बक्षीस देणारा दिलदार ठरला, मालक हुशार ठरले, आणि दिवसभर राबूनही हसरा याचकच राहिला. हसू इतकं अंगवळणी पडलं की झोपेतही उतरेना. खोलीत ते बघायला कोणी नव्हतं, तेवढं बरं.

सुट्टीच्या दुपारी तो ताईकडे जेवायला गेला. नात्यातलं तेवढं एकच दार त्याला उरलं होतं. ताईने न विचारता पुन्हा भात वाढला.

"गुडघा धरलाय रे. जिना उतरताना जीव जातो."

हसरा हसला.

"हसतोस काय मेल्या?"

"हसत नाही गं. तोंडाचा आकारच तसा झालाय."

ताईलाही हसू आलं. ती पाणी आणायला आत गेली. परत आली तर हसरा हात धुऊन दाराशी उभा, किंचित वाकलेला. तिने ताट उचललं. खाली घडी घातलेली नोट.

"हे काय?"

आपल्या हाताने हे कधी केलं, हसऱ्यालाही कळलं नव्हतं.

"चुकून गं ताई. हाताची सवय."

"वाढलं ना नीट? काही कमी नाही ना पडलं, साहेब?"

त्याने माफी मागायला तोंड उघडलं. चेहऱ्यावर मात्र हसूच आलं, आणि ताईने तेवढंच पाहिलं. तिने नोट त्याच्या खिशात कोंबली आणि त्याच्या चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या, जोडीने, अगदी नीट.

दुसऱ्या दिवशी हसऱ्याने एका गिऱ्हाइकाचं बक्षीस परत केलं.

"राहू द्या साहेब. कामाचे पैसे मालक देतील."

गिऱ्हाइकाचा अपमान झाला. मालक धावत आले, आयुष्यात पहिल्यांदाच.

"तू कुठल्या देशाचा रे?"

"पगार मिळतो त्या."

नोकरी गेली. हसू तेवढं राहिलं.

सबब संबंधितांस विनंती करण्यात येते की, वाढप्यास पगार द्यावा. त्याचा चेहरा वापरून झाल्यावर मूळ स्थितीत परत करावा. आणि सदर भगिनीने सदर भावास पुन्हा एकवार, विनामूल्य, जेवू घालावे.