चांदीचा मुलामा

मित्रांनो, मी एक जुनं रोमन नाणं आहे, साडेसतराशे वर्षांचं. आत्ताआत्तापर्यंत सगळे मला चांदीचं समजायचे आणि मी मुकाट्याने ऐकून घ्यायचो. त्याचीच मला लाज वाटते.

माझे पूर्वज खऱ्या चांदीचे होते. पण माझ्या काळी रोममध्ये दर दोन-चार वर्षांनी नवा सम्राट येई आणि सैन्य खूश ठेवायला त्याला ढीगभर नाणी लागत. चांदी पुरेना. मग तांब्यात चिमूटभर चांदी मिसळून, वर पातळ मुलामा देऊन मला पाडलं. सीमेवरच्या एका शिपायाला मी पगारात मिळालो. सम्राटाचा चेहरा पाहून बिचाऱ्याने विश्वास ठेवला. बाजारात पाववाल्याने मात्र त्याला हसून परत पाठवलं. तो मान खाली घालून निघाला तेव्हा मी त्याच्या मुठीतच होतो.

पुढे अशा नाण्यांवरचा विश्वास उडाला आणि भाव कडाडले. शेतकऱ्यांकडून करापोटी धान्यच ओढून नेऊ लागले. आपसातली युद्धं, रोगराई, बाहेरचे हल्ले, साम्राज्य खचायला कारणं पुष्कळ होती. पण त्यात माझाही हात होता. दोनेकशे वर्षांत पश्चिमेकडचं साम्राज्य फुटलं, जागोजागी लहान राजे झाले, कितीतरी शहरं ओस पडली. मी तेव्हा कुणीतरी पुरून ठेवलेल्या मडक्यात, जमिनीखाली होतो.

शेकडो वर्षांनी खणताना सापडलो, विकला गेलो आणि आता अमेरिकेतल्या एडिसन गावी गुरुनाथकाकांकडे असतो. हे निवृत्त इंजिनिअर येईल त्या पाहुण्याला मला दाखवायचे, "प्युअर सिल्व्हर!" नात चैत्राली शाळेत 'रोम का पडलं' यावर प्रोजेक्ट करत होती, म्हणून मला तिला द्यायचं ठरलं. त्याआधी लक्ष्मीपूजन आलं. पूजेच्या भांड्यांबरोबर नीलाकाकूंनी मलाही चिंच-मीठ लावून घासलं. मुलामा गेला आणि लाल तांबं दिसू लागलं.

काका ओरडले, "नीला, अगं काय केलंस हे! सगळं सिल्व्हर घालवलंस!"

काकूंचे डोळे भरले. "चुकलं हो माझं. लक्ष्मीपुढे काळं पडलेलं नाणं कसं ठेवायचं, म्हणून..."

चैत्रालीने मला उलटंसुलटं पाहिलं. "आजोबा, आजीने काहीच नाही केलं. इट वॉज ऑलवेज कॉपर! माझा प्रोजेक्ट हाच तर आहे."

 काकांनी माफी काही मागितली नाही. काकूंनी मला हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि पुन्हा "चुकलं" म्हणाल्या. अख्ख्या फौजेला फसवणाऱ्याची त्या माफी मागत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, जुनी नाणी घासू नका, जपा. पण कुणी घासलंच आणि आतलं खरं दिसलं, तर घासणाऱ्यावर रागावू नका.