सुखदेवचं पंचपण

सौंसरच्या ख्रिस्ती मंडळीत नम्रपणाचा एवढा सुकाळ होता, की कोणी खरंच 'मी लायक नाही' म्हटलं तरी ते खरं मानायला माणूस मिळत नसे. सुखदेवला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण स्वतःवर शेकलं तेव्हा कळलं बिचाऱ्याला.

त्र्याऐंशी सालच्या थंडीतली गोष्ट. मंडळी ती केवढी, वीस-बावीस घरं. पाळकसाहेब, मनोहर त्यांचं नाव, राहायचे पांढुर्ण्याला आणि रविवारी बसनं उपासना घ्यायला यायचे. एरवीचा कारभार पंचांच्या हाती. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली ती पवित्र भाकर आणि द्राक्षरस, कोणाला द्यायचं, कोणाला काही दिवस थांबवायचं, कोणाचं नाव मंडळीतून कमी करायचं, सगळं पंच बसून ठरवणार. त्यातले एक वारले आणि जागा रिकामी झाली. रीत अशी, की नव्या पंचाचं नाव तीन रविवार उपासनेत पुकारायचं, चर्चमध्ये लग्नाआधी जोडप्याचं पुकारतात तसंच. कोणाची हरकत असेल तर त्यानं बोलावं. नसेल तर तिसऱ्या रविवारी त्या माणसानं उभं राहून 'हो' म्हणायचं, की झाला पंच.

पहिल्या रविवारी नाव पुकारलं गेलं ते सुखदेवचं, आणि त्याच्या हातातलं गीतांचं पुस्तक धपकन खाली पडलं.

सुखदेव मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळली की लोक त्याच्याकडे आणत, आणि तो जुनी तार काढून नवी गुंडाळून देई. माणूस गरीब गाय. त्याचं नाव सुचायचं कारण वेगळंच होतं. दीड वर्षापूर्वी त्याच्या लेकीनं, शोभानं, रामाकोन्याच्या उत्तमशी लग्न केलं. उत्तम बौद्ध, ग्रामपंचायतीत नोकरीला, पोरगा सोन्यासारखा. लग्न विहारात लागणार होतं. पंचांनी आधीच बजावलं, जो जाईल त्याला प्रभुभोजन बंद. मंगला, शोभाची आई, ते ऐकून न ऐकल्यासारखं करून गेली आणि तीन महिने शिक्षा भोगून मोकळी झाली. सुखदेव मात्र घरीच बसला. बसला तो बसलाच, पुढंही लेकीच्या घरी गेला नाही. शोभाच दोन-चारदा येऊन भेटून गेली. त्याच्या त्या घरी बसण्याचं हे फळ! "पोरीसाठी बी डगमगला नाई, असा पक्का माणूस," असं भगवंतराव, सगळ्यात जुने पंच, गावभर सांगत होते.

"मी गेली त मले शिक्षा, तुमी नाई गेले त तुमाले पंचपण," मंगला म्हणाली. "वा रे न्याय!"

"मी ते मांगाले गेलो होतो का?"

"नाई म्हनाले त तोंड होतं नं?"

तोंड होतं, पण त्या तोंडानं काय म्हणावं तेच समजेना. कारण चर्चच्या दारातच भगवंतरावांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "नवे पंच बसले का पयलं काम तुमच्या शोभीचं. लग्न झाल्यापासून पोरगी चर्चात आली नाई. नाव ठेवाचं का कमी कराचं, ते ठरवून टाकू. तुमी असाल, म्हंजे कोनी म्हननार नाई का बापाले विचारलं नाई."

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. 'हो' म्हणावं तर पोरीचं नाव कापताना तिथं बसायचं. 'नाही' म्हणावं तर तिच्या बाजूनं बोलणारं तिथं कोणीच नाही. आणि आपण बसलो तरी बोलू का? लग्नाच्या वेळी कुठं बोललो? सोमवारी मंगला म्हणाली, "व्हा पंच, अन् पोरीच्या बाजूनं भांडा." मंगळवारी तीच म्हणाली, "नका होऊ. तुमच्यानं भांडनं होत नाई." दोन्ही गोष्टी सुखदेवला पटल्या. हीच तर पंचाईत होती.

त्याच आठवड्यात मोहगावचा रामाजी तणतणत आला. "काय भरून देल्ली गा मोटार? उलटी फिरून राहिली! पानी यायचं सोडून विहीर गुरगुरते! संत्र्याचा बगीचा वाळवाचा आहे का माहा?" सुखदेवनं पाहिलं, तर तारांची टोकं खरंच उलटी जोडलेली. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. रामाजीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि राग गिळून विचारलं, "तब्येत बरी आहे नं बाप्पा?"

शेवटी मन घट्ट करून तो पांढुर्ण्याला पाळकसाहेबांकडे गेला. कापसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, त्यातून वाट काढत घरी पोचला. साहेब ओसरीवर उन्हात बसून संत्रं सोलत होते.

"साहेब, मी या कामाच्या लायक नाई," सुखदेव म्हणाला.

साहेबांनी संत्र्याची फोड त्याच्या हातावर ठेवली. "मीही नाही, सुखदेवभाऊ. कोण आहे लायक?"

"तसं नाई साहेब. मी खरंच नाई. माहं घर धड नाई. पोरीशी दोन शब्द धड बोलता येत नाई मले."

"पाहा!" साहेबांचे डोळे भरून आले. "जो पुढंपुढं करतो तो मला नको असतो. असं मन मोडलेला माणूसच मी शोधत होतो."

आता काय बोलणार, कपाळ! साहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली, आणि सुखदेव आला होता त्याहून जास्त गोंधळून परतीच्या बसमध्ये बसला. हातात संत्र्याची फोड तशीच होती.

दुसऱ्या रविवारी त्याची सगळी मदार वत्सलाबाईंवर होती. शेजारीण. नालीच्या पाण्यावरून त्याच्याशी वर्षानुवर्षांचं भांडण. हरकत घेतली तर हीच घेईल. साहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत?" सुखदेवनं आशेनं मान वळवली. वत्सलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आपल्या गल्लीतला मानूस पंच होऊन राहिला, लई बरं वाटलं पाहा." मेली नालीसुद्धा कामाला आली नाही.

तिसरा रविवार उजाडला. मंगलानं कडक इस्त्रीचा सदरा काढून दिला. ती बायांसोबत पुढं निघाली, हा मागून. वाटेत बसस्टँड. रामाकोन्याकडे जाणारी बस उभी होती आणि कंडक्टर ओरडत होता. सुखदेव थांबला. चर्चची घंटा वाजू लागली. पाय चर्चकडे वळले, मग थबकले, मग माघारी फिरले, आणि बस हलता हलता हा गडी दांडा धरून आत चढला. कशाला चढलो, हे तिकीट काढेपर्यंत त्यालाही सांगता आलं नसतं.

रामाकोन्यात घर विचारत विचारत जावं लागलं. सख्ख्या लेकीचं घर! एक म्हातारी म्हणाली, "उत्तमचं का? ते निळं दार. सूनबाईले सातवा लागला, जपून हाक मारजा." सुखदेव जागीच उभा राहिला. मंगलाला ठाऊक असणार. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं कोणाला विचारलंही नव्हतं.

दार उत्तमनं उघडलं. क्षणभर बावचळला, मग "जयभीम मामाजी, या, या," म्हणत आत धावला. शोभा कमरेला हात लावून बाहेर आली.

"आईले काई झालं का?"

"नाई वं. आई बरी आहे." तो खाटेवर टेकला. "मले पंच करून राहिले. आज 'हो' म्हनाचं होतं. पयलं काम तुह्या नावाचं आहे. होऊ का नाई होऊ, मले काहीच समजून नाई राहिलं. तू सांग."

शोभाचा आवाज फाटला. "दीड वर्ष झालं बाबा. रोज दाराकडे पाहिलं. आज आले, अन् विचारता काय, त पंच होऊ का?"

उत्तमनं मान खाली घातली. सुखदेवला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. घड्याळात पाहिलं असतं तर कळलं असतं, की तिकडे आता साहेब त्याचं नाव घेत असतील. त्यानं पाहिलं नाही.

"शोभे," तो म्हणाला, "मले भूक लागली. जेवाले वाढ."

तिनं डोळे पुसले आणि आत गेली. ज्वारीची भाकर, आलू-वांग्याची भाजी, वर कांदा. तिघं भिंतीजवळ बसले. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. सवयीनं सुखदेवनं प्रार्थनेसाठी डोळे मिटले, आणि रोजचे शब्द काही केल्या तोंडात येईनात. किती वेळ गेला कोण जाणे. त्यानं हळूच डोळे किलकिले केले. समोर शोभा हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसली होती. शेजारी उत्तम ताटाला हात न लावता थांबला होता. हिचंच नाव कमी करायला पंचांनी त्याला बोलावलं होतं.

"देवा," सुखदेव म्हणाला. "माह्या पोरीच्या घरची भाकर खायाले मले लई उशीर झाला. माफ कर."

"आमेन," शोभा म्हणाली. "आता जेवा बाबा, भाकर गार होऊन राहिली."