दोन कॉटचं माप

सुनेत्राच्या घरात कापड कुठे नव्हतं ते विचारा. तांदळाच्या रिकाम्या पिंपात होतं, सोफ्याच्या मागे होतं, पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात होतं, आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यात तर व्हॅक्यूम क्लीनर सोडून सगळं होतं. अमेरिकेत ती राहायची त्या श्रूजबरीहून तासाभराच्या ड्राइव्हवर एक जुनी कापडगिरणी होती. तिच्या आउटलेटमध्ये उरलंसुरलं सुती कापड वजनावर मिळायचं. तिथून सुनेत्रा रिकाम्या हाताने परत आली, असं कधी घडलं नव्हतं. गिरीश, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा, मंडईतून भाजी आणावी तसं तू कापड आणतेस. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: भाजी सडते.

हे सगळं क्विल्टसाठी. क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच, फक्त जरा थाटाची. वर तुकड्यांची नक्षी, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्हींमधून आरपार धावदोरा. वरच्या नक्षीच्या थराला तिकडच्या बायका टॉप म्हणतात. सुनेत्राकडे टॉप तेवढे व्हायचे. एक पुरा होत आला की तिला आत कुठेतरी टोचायला लागायचं. हातातलं काम घडी करून ती मोठ्या सुटकेसमध्ये टाकायची आणि चहा प्यायच्या आत नवीन कापड कापायला बसायची. कापूस नाही, अस्तर नाही, काही नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण तिची आई फोनवर दर वेळी ऐकवायची, आणि अमेरिकेचा कॉल मिनिटावर चालतो हे विसरून पुन्हा एकदा ऐकवायची.

पण सुनेत्रा वेंधळी नव्हती बरं का. तिचा हिशोब पक्का होता, फक्त तो तिने कुणाला सांगितला नव्हता. कापूस भरलेली गोधडी विमानात न्यायची म्हणजे एकीलाच एक सुटकेस लागणार. नुसते टॉप कसे, साड्यांसारखे घडीत बसतात. पुण्याला गेलं की लक्ष्मी रोडवरून अस्तर आणायचं, पिंजाऱ्याला घरी बोलवून छान कापूस भरून घ्यायचा, आणि आपल्या फ्लॅटमधल्या आपल्या कॉटवर घालायचं. कोथरूडचा तो दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी चौऱ्याहत्तर साली घेतला होता; आता त्याची किल्ली पुण्यातच राहणाऱ्या संजीवकडे, म्हणजे गिरीशच्या भावाकडे, असायची. त्या उन्हाळ्यात सुनेत्राने स्वतः सुतारापुढे उभं राहून दोन कॉट करून घेतल्या होत्या, सागवानी, अडीच फूट रुंद. अमेरिकेत पाच वर्षं काढायची आणि परत यायचं, असं ठरलं होतं तेव्हा. त्या पाच वर्षांची आता बारा होत आली होती, पण ठरलेलं कुणी मोडलं असं काही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि विचारायची सोय नव्हती. गिरीशचा स्वभाव असा की मागे लागलं की माणूस उलट्या दिशेने चालायला लागणार. आधी तो म्हणायचा, ग्रीन कार्ड होऊ दे. मग म्हणायचा, पोरीची, सुलेखाची, मिडल स्कूल संपू दे. गेली दोन वर्षं तो काहीच म्हणत नव्हता. सुनेत्राने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला: आतून काहीतरी चाललं असणार, उगाच बोलून विचका नको. म्हणून ती शिवत होती. पुढचं पाऊल पडत नव्हतं, निदान हात तरी चालत होता.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये घोडं अडलं ते तिच्या गिल्डमध्ये. क्विल्ट करणाऱ्या बायकांचा हा गट दर मंगळवारी चर्चच्या तळघरात जमायचा. मे महिन्यात त्यांचं प्रदर्शन होतं, आणि या वर्षी बायकांनी फर्मान काढलं: प्रत्येकीने आपलं एक तरी अर्धवट काम पुरं करायचं, तोवर नवं कापड विकत घ्यायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. सुनेत्रानेही केला, कारण सगळ्यांमध्ये आपलाच हात खाली दिसला असता. तिच्याकडे पुरा झालेला एकही क्विल्ट नाही, हे लॉरेनच्या लक्षात आलं. लॉरेन गिल्डमधली तिची मैत्रीण, निवृत्त नर्स, आणि नर्सच ती, दुखणं दिसलं की सोडायची नाही. शनिवारी मी घरी येते, म्हणाली, आपण तुझा एक टॉप निवडू, थर लावू, बघू कसा होत नाही ते.

तेव्हापासून शनिवारपर्यंत सुनेत्राचं काही खरं नव्हतं. आमटी लावली आणि फोडणी विसरली. सुटकेस उघडायची, टॉप बाहेर काढायची, परत घालायची. यातला एक जरी इथे पुरा केला तर काय होणार होतं? काहीच नाही. तरी तिचा हात पुढे होत नव्हता. इथला कापूस, इथलं अस्तर घातलं की ती गोधडी इथली झाली, असं तिला वाटत होतं, आणि हे कुणाला सांगावं तर हसू होईल. शुक्रवारी ती कारची किल्ली घेऊन थेट त्या गिरणीच्या दारापर्यंत जाऊन आली. आत गेली नाही. शपथ मोडायचं धाडस नव्हतं आणि घरी स्वस्थ बसवत नव्हतं.

शनिवारी लॉरेन कापसाची मोठी गुंडाळी आणि मोजपट्टी घेऊन हजर. गिरीश किचनमध्ये पेपर वाचत होता. पंधरा वर्षांची सुलेखा जिन्यावर बसून नखं रंगवत होती. लॉरेनने सुटकेसमधले टॉप एकेक करून उलगडले आणि प्रत्येकाला वा वा केलं. मग तिने त्यातला सगळ्यात देखणा, जांभळा आणि मोहरीच्या रंगाचा, उचलला आणि बेडवर टाकून बघू म्हणत थेट त्यांच्या बेडरूममध्ये गेली.

तिथे त्याचं हसू झालं. एवढ्या मोठ्या पलंगावर तो टॉप म्हणजे पंगतीत कुणीतरी एकच पान मांडून जावं तसा दिसायला लागला. अर्धा पलंग उघडाच. लॉरेनने दुसरा टाकून पाहिला. तोही तेवढाच. मग वरात सुलेखाच्या खोलीत गेली. तिने कुणीतरी अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाच्या यार्ड सेलमधून हट्टाने डबल बेड आणला होता, तिथेही तेच. पाहुण्यांचा सोफा-बेड त्याहून रुंद.

"मॉम, धिस डझन्ट फिट एनीथिंग," सुलेखा म्हणाली. "सगळे सेम साइज आहेत. व्हाय?"

पुन्हा बेडरूममध्ये येऊन टॉप पलंगावर टाकत लॉरेनने मोजपट्टी लावली. तीन फूट आणि वर थोडं. हे माप कुठल्या बेडचं, असं तिने अगदी साध्या मनाने विचारलं. अमेरिकेतल्या सिंगल बेडलाही ते पुरत नाही.

सुनेत्राने टॉपची कड ओढून सरळ केली. आणि दारात उभा असलेला गिरीश पेपर तसाच हातात धरून त्या टॉपकडे बघत होता. इंजिनियर माणूस, मापं त्याच्या डोक्यात पक्की बसायची. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"सुनेत्रा," तो म्हणाला, "हे कोथरूडच्या कॉटसाठी आहेत?"

"मग काय! दुसऱ्या कशासाठी असणार?"

तो लॉरेनकडे पाहून कसनुसा हसला. लॉरेनने शब्द कळले नाहीत तरी खोलीतली हवा ओळखली, कापसाची गुंडाळी तिथेच ठेवली आणि मंगळवारी भेटू म्हणून निघाली. सुलेखाने एकदा आईकडे, एकदा बाबांकडे पाहिलं आणि आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"त्या कॉट नाहीयेत," गिरीश म्हणाला.

"नाहीयेत म्हणजे?"

"वाळवी लागली होती. दोन वर्षांपूर्वी आईच्या वर्षश्राद्धाला मी एकटा गेलो होतो ना, तेव्हा पाहिलं. पाय हाताने मोडत होते. संजीवने भंगारात टाकल्या."

"सागवानाला वाळवी?"

"सुताराने सांगितलं म्हणून सागवान. तू मान्य केलंस, मी पैसे दिले."

ती मटकन पलंगाच्या कडेवर बसली. दोन वर्षं! दोन वर्षं ती अशा कॉटसाठी शिवत होती ज्यांचं जळण होऊन गेलं होतं. पण एवढ्यावर भागलं असतं तर ती कदाचित हसलीही असती. नव्या कॉट करता येतात. गिरीशने पेपरची घडी घातली, परत उघडली, आणि तिला कळलं की अजून काहीतरी आहे.

"बोल. सगळं एकदाच बोल."

"संजीव म्हणाला, जागा बंद ठेवली की अशीच खराब होते. म्हणून मग... भाडेकरू ठेवलाय. बँकेतला माणूस आहे. फॅमिलीवाला. चांगला आहे."

पुण्यात त्या काळी भाडेकरू ठेवला याचा अर्थ काय, हे सुनेत्राला समजावून सांगायची गरज नव्हती. जागेत एकदा माणूस शिरला की त्याची नातवंडं तिथून शाळेत जातात. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पलंगावरचे दोन्ही टॉप ओढले, सुटकेसमधले सगळे बाहेर काढले, पिंपातलं, सोफ्यामागचं, खोक्यातलं कापड आणून दिवाणखान्याच्या मधोमध ढीग घातला. गिरीश मागे मागे फिरत होता, दारं उघडून धरत होता, आणि त्याने तिचा राग आणखीच वाढत होता.

"आपण परत जाणार नाही, हे संजीवला माहीत. त्या बँकवाल्याला माहीत. वाळवीलासुद्धा माहीत! एक मलाच तेवढं कुणी सांगितलं नाही!"

"सांगणार होतो गं. आलो त्याच दिवशी सांगणार होतो."

"मग?"

गिरीश ढिगाच्या पलीकडच्या बाजूला कार्पेटवर बसला. एक निळा तुकडा उचलून बोटांनी सरळ करायला लागला.

"मी एअरपोर्टवरून घरी आलो तेव्हा तू मशीनवर बसली होतीस. भोवती हे एवढं कापड. मला बघून म्हणालीस, थांब, एवढी एक शिवण मारते. सुनेत्रा, मला इतकं बरं वाटलं. मला वाटलं, रमली. कारण पहिली पाच-सहा वर्षं तू नुसती खिडकीशी उभी असायचीस. मग हे सुरू झालं, गिल्ड, लॉरेन, गिरणीच्या चकरा. मी मनात म्हटलं, हिला आता इथे आवडायला लागलं, आता फ्लॅटचा विषय काढून कशाला हिचं मन परत तिकडे न्यायचं. मी तर सगळ्यांना सांगतो, माझी बायको क्विल्टिंग करते. सेटल झाली, असं सांगतो."

जे शिवणकाम पाहून तो निश्चिंत झाला होता, तेच शिवणकाम घेऊन सुनेत्रा जायच्या तयारीला लागली होती. एका घरात, एका मशीनच्या आवाजात, दोघं दोन वेगळी स्वप्नं ऐकत होती. तिला त्याचा राग आला होता, आणि आता त्याची दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला रडू फुटलं. तो उठून जवळ आला नाही. ढीग ओलांडून यायचं म्हणजे टॉपवर पाय पडला असता.

"गिरीश, खरं सांग," डोळे पुसून ती म्हणाली. "मी नसते, तू एकटा असतास, तर गेला असतास?"

त्याने तो निळा तुकडा खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "मला इथे आवडतं. मला लाज वाटते सांगायला, पण आवडतं."

बारा वर्षांत हे सरळ उत्तर तिला पहिल्यांदा मिळालं. ते तिला नको होतं, तरी मिळाल्यावर तिला जरा हलकं वाटलं. टांगून राहण्यापेक्षा पडलेलं बरं, पाय तरी टेकतात.

पुढचे तीन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. कापडाचा ढीग तसाच होता आणि सगळे त्याला वळसा घालून जात होते. मंगळवारी तिने गिल्डला दांडी मारली आणि लॉरेन विसरून गेलेली मोजपट्टी घेऊन स्वतःच्या बेडरूममध्ये गेली. पाय टेकायचेच आहेत तर कशावर, ते तरी बघावं. आणि तिच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं ज्या पलंगावर आपण निजतो त्याचं माप आपल्याला ठाऊकच नाही. कोथरूडच्या कॉट तिला झोपेत विचारल्या असत्या तरी तिने बिनचूक सांगितल्या असत्या. हा पलंग तिने कधी मोजलाच नव्हता. मोजायचं कशाला, जायचंच होतं ना.

तिने मोजला. मग जांभळा टॉप आणि त्याचा जोडीचा हिरवा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. लांब कडेला एक शिवण मारली, चारी बाजूंनी रुंद पट्टी लावली, आणि पलंग पुरता झाकला गेला.

थर लावायला लॉरेन परत आली. शिवण भरायला मात्र सुनेत्राने कुणाला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी ती धावदोरा घालायची, आणि गिरीश शेजारी बसून सुया ओवून द्यायचा. मधूनच तिला सगळं भिरकावून गिरणीकडे पळावंसं वाटे, नवं काहीतरी कापावंसं वाटे. एकदा तर ती चपला घालून उभीही राहिली. पण परत बसली.

प्रदर्शनात बायकांनी खूप कौतुक केलं. एकीने सुचवलं, मधली ती सरळ शिवण डोळ्यांत येते, तिच्यावर वेल वगैरे काढली तर लपेल. नको, सुनेत्रा म्हणाली, ती राहू दे.

घरी आल्यावर तिने क्विल्ट पलंगावर घातला. शिवण बरोबर दोघांच्या मधून गेली, तिची बाजू जांभळी, त्याची हिरवी. उरलेले टॉप पुन्हा सुटकेसमध्ये गेले होते. गिरीशने सुटकेस उचलली.

"बेसमेंटमध्ये ठेवू?"

"बेसमेंटला ओल येते," ती म्हणाली. "राहू दे इथेच."

"इथे कुठे?"

तिने क्विल्टची कड वर उचलून धरली. गिरीशने वाकून सुटकेस पलंगाखाली सरकवली, तिच्या बाजूला.