हेन्याचे पातेले

मित्रांनो, मी एक जुने बिडाचे पातेले आहे, आणि मी हेन्या नावाच्या बाईचे आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे घोटाळा आहे.

पोलंडमधली आमची गल्ली ज्यूंची. शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घरोघरची पातेली बेकरीच्या भट्टीत जात. घेवडा, बटाटे, जव आणि एखादे हाडूक रात्रभर शिजे. सगळी पातेली सारखीच काळी, म्हणून झाकणावर चुन्याची खूण करत. माझा एक कान मोडला, तेव्हा हेन्याच्या नवऱ्याने तो तांब्याची रिवेट ठोकून बसवला.

खूण पुसली की मी चुकून शेजारच्या ब्राइनाकडे जाई. ती खिडकीतून ओरडे, "अगं हेन्या, घेवडा मोजून घालतेस का गं? चमचा पोहतोय नुसता!"

"मग राहा उपाशी, महाराणी!"

आले ते जेवायचे आणि रविवारी पातेले परत करायचे, अशी रीत होती.

युद्ध आले. आधी हाडूक गेले, मग घेवडा. शेवटी माझ्यात बटाट्याच्या साली शिजत. एका शुक्रवारी आम्ही भट्टीत गेलो, आणि शनिवारी सकाळी शिपायांनी सगळी गल्ली स्टेशनावर नेऊन मालगाडीत कोंडली. पातेली न्यायला कुणी आले नाही. मला काही वाटले नाही. नंतरही बरीच वर्षे वाटले नाही.

युद्ध संपल्यावर ब्राइनाची मुलगी पेसिया एकटीच परतली. बेकरीत आता दुसरीच बाई राहत होती. अंगणात कोंबड्या माझ्यातले पाणी पीत होत्या.

"अगंबाई, तुमच्यातलं अजून आहे होय कुणी?" बाई म्हणाली.

"हे माझ्या आईचं पातेलं," पेसिया म्हणाली.

"ने की. कोंबड्यांना दुसरं देईन."

पेसियाला आईचा चेहराही धड आठवत नव्हता, तिथे पातेले काय ओळखणार? तिने मला निखाऱ्यांवर लाल होईस्तोवर तापवून धर्माच्या रीतीने शुद्ध केले आणि बोटीने इस्राएलमधल्या हैफा बंदरात आणले. तिथे ती दिवसभर लोकांचे कपडे शिवी, कुणाशी फारसे बोलत नसे. शुक्रवारी मला मंद स्टोव्हवर चढवी. "आईचं पातेलं" एवढे म्हणताना मात्र तिच्या आवाजात जीव येई.

एका शनिवारी तिने गोदीत काम करणाऱ्या अन्शेलला जेवायला बोलावले. तो हेन्याचा मुलगा. त्याचेही कुणी उरले नव्हते.

"आईचं आहे," पेसिया म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

अन्शेलने मला जवळ ओढले. त्याचा अंगठा रिवेटवर गेला आणि तिथेच थांबला. मला पहिल्यांदाच बोलावेसे वाटले.

"काय झालं रे?"

"काही नाही. आमच्याकडं असंच होतं. याच्याहून लहान."

"घेवडा कमी पडलाय का?"

"छे! ब्राइनाकाकू असाच घालायची," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा वाढून घेतले. जाताना त्याने माझ्याकडे वळून पाहिले नाही. मला फार वाईट वाटले, आणि त्याचा अभिमानही वाटला.

मित्रांनो, आता पेसियाच्या नातवंडांना मी जड होते. गंज चढू नये म्हणून मला घासून तेलाचा हात फिरवा, एवढेच मागणे. कुणी विचारले, हे कुणाचे, तर ब्राइनाचे म्हणा. अन्शेलने तसे ठरवले आहे. हेन्याचे नाव मी फक्त तुम्हाला सांगितले, ते तुमच्यापाशी असू द्या.