मान दिसेपर्यंत

रॉइस माझा थोरला भाऊ. पन्नाशी उलटली तरी मला चिडवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या सकाळी टर्कीच्या शिकारीसाठी टेकडीखाली गाडी लावून मी बाणाला टोक बसवायला घेतलं, तर स्वारी लगेच सुरू.

"अरुंदच लाव गं बये. पंखाच्या मुळाशी मार आपली. मानेवर नेम धरायला काळीज लागतं."

"आणि ते तुलाच दिलंय वाटतं देवानं!"

"त्यात तुझी ती हाक! त्यापेक्षा गंजलेलं फाटक बरं. टर्की हसूनच मरेल, बाण कशाला हवा?"

माझं डोकं फिरलं. अरुंद टोक डब्यात फेकलं आणि लांब चार पात्यांचं, मान उडवणारं टोक घट्ट पिळून बसवलं. त्याचं पथ्य एकच. मान उघडी दिसली तरच बाण सोडायचा. अंगावर मारला तर ती पाती आत शिरत नाहीत आणि पक्षी जखमी होऊन झुडपात मरतो.

ठरल्याप्रमाणे तो ओढ्याकडे गेला, मी माथ्यावर. ठरलेली जागा सोडायची नाही, हा बाबांचा नियम. मागच्या वसंतात पलीकडच्या खोऱ्यात एकानं झुडपात टर्कीच्या डोक्यासारखं लाल काही हललेलं पाहून बार काढला होता. ती माणसाची टोपी होती.

नराला भुलवायला रबराची मादी समोर मांडून मी ओकच्या झाडाला टेकून बसले आणि हातातल्या छोट्या पाटीवर काडी घासून मादीसारखी हाक दिली. खालून नराची गडगडती साद आली. मग एकदम शांत.

आणि उजवीकडे पाचोळा वाजला.

वाळक्या पाचोळ्यात टर्कीची चाल आणि माणसाची चाल सारखीच वाजते. माणूस असेल तर ओरडायला हवं, पण ओरडले तर नर गेलाच.

मग नेच्याच्या झुडपावर भरगच्च पिसारा उभा राहिला. हुश्श! नरच होता. मी दोरी खेचली.

नर पाठमोरा असला की पिसाऱ्याच्या मुळाशी मारायचं, हे बाबांनी शिकवलेलं. अरुंद टोक असतं तर बाण केव्हाच सुटला असता. पण मला मान हवी होती. मी थांबले.

मान काही वर येईना. पिसारा जरा कलला, पुढे सरकला, पुन्हा थांबला. माझे दंड थरथरू लागले. एवढा वेळ कुठला नर डोकं वर काढत नाही? पुन्हा भीती वाटली, आणि आता ती वेगळीच होती. पिसाऱ्याच्या मुळाशी, बरोब्बर नेमाच्या जागी, काहीतरी चमकलं.

डोळा होता. त्यानं पापणी मिटली.

धनुष्य कसंबसं जमिनीकडे वळवलं आणि बोटं सोडली. बाण चिखलात रुतला.

पिसारा खाली पडला. मागे रॉइस पालथा, हातात गेल्या वर्षीच्या टर्कीचं वाळवलेलं शेपूट. त्याच्या आडून, दुसरा नर आल्याचं नराला भासवत, सरपटत आला होता.

"ट्रूडी? तू? अगं, मला वाटलं खरीच मादी आहे! आईशप्पथ! ओढ्यावरचा नर गप्प झाला, म्हटलं हिच्याकडेच आला असणार, ही इतकी गोड बोलत होती..."

जन्मात पहिल्यांदा त्यानं माझी हाक वाखाणली होती. मी त्याच्या पाठीत गुद्दे घालत रडले.

त्यानं चिखलातून बाण उपसला. चार पाती पाहिली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पिसाऱ्यावर नेम कुठे धरतात, हे बाबांनी त्यालाही शिकवलं होतं.

"अरुंद असतं तर?"

मी त्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बोट टेकवलं.

"ट्रूडी, तुझी हाक खरंच..."

"गंजलेलं फाटक म्हण," मी म्हटलं. "म्हण आधी!"